दवाखाना चालू ठेवण्याचे वेड

रायगड जिल्ह्यातल्या पेण किंवा रोह्यात घराच्या तळमजल्यावर आठ-दहा खाटांचा दवाखाना चालवणे हा मूर्खपणा आहे, हे कोणताही चार्टर्ड अकाउंटंट चहा संपायच्या आत सिद्ध करून दाखवील. तो जागेचे भाडे धरील, जे डॉक्टरांनी कधीच धरलेले नसते. नवरा-बायको दोघे डॉक्टर असतील तर दोघांचे पगार धरील, जे दोघांनी कधीच घेतलेले नसतात. यंत्रांचा घसारा, जनरेटरचे डिझेल, मावशींचे पगार, कर्जाचा हप्ता आणि वहीत अडकलेली उधारी मांडून झाली की चष्मा काढून म्हणेल, "डॉक्टर, खालचा गाळा एखाद्या बँकेला नाहीतर मोबाइलच्या दुकानाला भाड्याने द्या, आणि तुम्ही दोघं पनवेलला कुणाच्या तरी हॉस्पिटलात नोकरी धरा. पैसेही जास्त, आणि रात्रीची झोपही मिळेल." हिशेब बिनचूक असतो. तो ऐकून, मान डोलावून दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला ओपीडी सुरू करणाऱ्या मूर्खांचे मला गुणगान करायचे आहे.

या वेडाचे पहिले लक्षण म्हणजे पत्ता. शहाणा माणूस धंदा आणि घर यांत अंतर ठेवतो. इथे खाली दवाखाना आणि वर घर, त्यामुळे खालच्या दाराची बेल वरच्या स्वयंपाकघरात वाजते आणि रात्री दीड वाजता ती कुणी वाजवली तर खाली जावेच लागते. न जाण्याची सोयच ठेवलेली नसते. ही गैरसोय मुद्दाम करून घेतलेली आहे, आणि तिची किंमत रस्त्यावर कळते. रोह्याहून अडलेल्या बाईला घेऊन निघालेली गाडी भिसे खिंड ओलांडून नागोठण्याला मुंबई-गोवा महामार्गाला लागते, मग वडखळ, मग पेण, आणि त्यापुढे पनवेल. या महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण 2011 साली सुरू झाले आणि ते रखडत असताना त्या वर्षी जन्मलेली मुले हायस्कुलात गेली. पावसाळ्यात त्या खड्ड्यांतून पोटातल्या बाळासकट पनवेल गाठणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच विचारावे. पेणला आणि रोह्याला सरकारी उपजिल्हा रुग्णालये आहेत, तिथे राबणारी माणसेही आहेत. पण भूलतज्ज्ञ रजेवर असला, रक्त मिळाले नाही, की चिठ्ठी मिळते आणि रस्ता समोर येतो. त्या चिठ्ठीच्या आणि रस्त्याच्या मध्ये जो दरवाजा उघडतो, तो या मूर्खांचा.

दुसरे लक्षण म्हणजे वही. पेणचा पैसा गणपतीबरोबर येतो. हमरापूर, जोहे आणि आसपासच्या गावांतल्या कारखान्यांत वर्षभर माती आणि प्लास्टर कालवले जाते, साच्यातून मूर्ती निघतात, रंगाचे फवारे उडतात, डोळ्यांची आखणी होते. पण हातात रोकड यायची ती श्रावण-भाद्रपदात. खोकला मात्र मुहूर्त पाहून येत नाही. तो मार्चमध्ये येतो, बाळंतपण मेमध्ये येते, आणि बिलापुढे एकच वाक्य येते, "डॉक्टर, गणपती जाऊ देत, मग देतो." खारेपाटातला शेतकरी भात झोडून झाल्यावर देणार असतो. वीटभट्टीवर उचल घेऊन गेलेली कातकरी कुटुंबे पावसाच्या तोंडावर परततात, तेव्हा पोरांच्या अंगात ताप असतो आणि उचलीचा हिशेब भट्टीवाल्याच्या बाजूने संपलेला असतो. रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीतला कंत्राटी कामगार ठेकेदाराच्या पगाराची वाट बघत असतो. या सगळ्यांची पत ठरवायला बँकेला कागद लागतात. या दवाखान्यांना नाव आणि वाडी पुरते. "उधारी बंद" ही पाटी किराणा दुकानात चालते, इथे ती अजून लागलेली नाही, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने याहून मोठे वेड सापडणार नाही. तालुक्यातल्या गरिबांचा हा बिनव्याजी, बिनतारणाचा आरोग्यविमा आहे आणि त्याचा हप्ता एकटे डॉक्टरांचे घर भरते.

ही वही 2020 साली बुडायच्या बेताला आली. मे महिन्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी जाहीर केली आणि लगेच ती वर्षभर पुढे ढकलली. तोवर कारखान्यांत माल तयार होऊन पडलेला. मग जुलैत राज्य सरकारने सार्वजनिक मूर्ती चार फुटांची आणि घरगुती दोन फुटांची असावी असे ठरवले. कोविडच्या साथीत गर्दी नको, हे बरोबरच होते. पण दहा-बारा फुटांच्या मूर्तींत ज्यांचे वर्षाचे भांडवल उभे होते, त्यांचे गणपती त्या वर्षी गेलेच नाहीत, आणि गणपती गेल्यावर मिळायचे पैसेही आले नाहीत. अशा वर्षी शहाणा धनको वसुलीला माणूस धाडतो. या दवाखान्यांनी वहीला नवी पाने जोडली.

पेणला हे नवीन नव्हते. त्याच्या दहा वर्षे आधी, सप्टेंबर 2010 मध्ये, पेण अर्बन बँकेच्या व्यवहारांवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. बोगस कर्जखात्यांतून शेकडो कोटी रुपये बाहेर गेलेले होते आणि सुमारे दोन लाख ठेवीदारांचे पैसे एका दिवसात अडकले. मुलीच्या लग्नाचे, निवृत्तीचे, जमीन विकून आलेले, मूर्तिकारांचे हंगामाचे, सगळे त्यात होते. ठेवींवर तेव्हा विमा होता तो एक लाखापर्यंतचा, आणि तोही बँक अवसायनात निघाल्यावर मिळायचा. गावाचा पैसा असा गोठला की पहिली कात्री कशाला लागते? हॉटेलला लागते, कपड्यांना लागते, आणि गुपचूप औषधाला लागते. रक्तदाबाची गोळी दिवसाआड होते. साखर तपासायची पुढच्या महिन्यावर जाते. ज्यांची कमाई गावाच्या खिशातून येते त्या डॉक्टरांच्या मिळकतीला त्याच वेळी ओहोटी लागते, आणि नेमके त्याच वेळी रोगी जास्त बिघडलेले येतात. छोट्या गावातल्या वैद्यकीय व्यवसायाचे हे उलटे गणित आहे: मंदीत काम वाढते आणि पैसा घटतो. कॉर्पोरेट साखळीने अशा वेळी शाखा बंद केली असती आणि भागधारकांनी त्याचे कौतुक केले असते. घरच्या दवाखान्याला शाखा नसते. एक्स-रेचे जुने यंत्र आणखी पाच वर्षे वापरायचे, इमारतीचा रंग पुढे ढकलायचा, मावशी, कंपाउंडर आणि सिस्टर यांचे पगार आधी द्यायचे, एवढेच हातात असते. डॉक्टरांचा स्वतःचा पगार कधी ठरलेला नव्हता, त्यामुळे तो कापताना कुणाला जाहीर करावे लागत नाही.

या मूर्खपणाला कोणी पुरावा मागेल, म्हणून त्याच महामार्गाने थोडे पुढे महाडला जाऊ. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचवाने माणसे मरत. पेंढा उचलताना, जांभ्याचा दगड हलवताना, अंधारात चप्पल घालताना नांगी बसायची. दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, मग फुप्फुसात पाणी, तोंडाला गुलाबी फेस, आणि कित्येकदा पहाटेच्या आत शेवट. गंभीर रोग्यांपैकी शंभरातले पंचवीस-तीस दगावत. शहाण्या वैद्यकाने यावर फारसे काम केलेले नव्हते, कारण विंचू गरिबाला चावतो आणि तो गरीब मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जिवंत पोहोचत नाही. बावस्करांनी रोग्याच्या खाटेशेजारी बसून रात्रभर नाडी आणि रक्तदाब टिपून ठेवले. त्यांची ती निरीक्षणे 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी विंचवाच्या विषाने उसळलेल्या रक्तवाहिन्यांना शांत करते हे त्यांनी दाखवले, आणि 1986 साली तेही 'लॅन्सेट'ने छापले. मृत्यूचे प्रमाण शंभरात एका-दोघांवर आले.

आता यात धंदा कुठे आहे ते शोधावे. औषध काही रुपयांचे. रोगी भूमिहीन. त्याला रात्रभर नजरेखाली ठेवायचे, दर काही वेळाने रक्तदाब मोजायचा, आणि सकाळी तो उठून चहा मागतो तेव्हा बिलात लिहिण्यासारखे काही उरत नाही. व्हेंटिलेटर लागला असता तर बिल झाले असते. तो लागू नये हीच या उपचाराची करामत आहे. धंद्याच्या भाषेत, या माणसाने आपल्या दुकानातली सगळ्यात महाग वस्तू अनावश्यक ठरवण्यात आयुष्य घातले. तेही एकट्याने नव्हे, डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचे नाव शोधनिबंधांवर त्यांच्या बरोबरीने आहे. महाडचे त्यांचे छोटे रुग्णालय हीच या जोडप्याची प्रयोगशाळा. तिथेच 70 रोग्यांवर रीतसर चाचणी करून, प्राझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरचे प्रतिविष दिले तर रोगी सरासरी अठराऐवजी आठ तासांत सावरतो, हे त्यांनी 2011 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडले. ज्या गावाचे नाव जगाने सत्याग्रहामुळे ऐकले होते, त्याचे नाव दुसऱ्यांदा जगभर गेले ते विषवैद्यकामुळे, आणि तेही एका आरोग्य केंद्रातून आणि एका कौटुंबिक दवाखान्यातून. 2022 साली हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

पण मला त्यांचा सर्वांत मोठा मूर्खपणा वाटतो तो 1,200 रुपयांचा. 2013 साली एका तपासणी केंद्राकडून त्यांना एवढ्या रकमेचा धनादेश आला. त्यांनी एका रोग्याला एमआरआयसाठी पाठवले होते, त्याचा तो मोबदला. याला आपल्याकडे कट म्हणतात आणि कित्येक ठिकाणी तो विनाचर्चा पोहोचतो. बावस्करांनी तो घेतला नाही. उलट महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार केली. छोट्या दवाखान्याच्या नफा-तोट्यात कट ही फार मोठी ओळ असते. ती आली की उधारीची वही भरून निघते, नवे यंत्र येते, मुलाच्या प्रवेशाची सोय होते. ती नाकारणाऱ्याचा तोटा दरमहा, ठरावीक आणि कायमचा असतो. पुढे 2017 साली राज्य सरकारने समिती बसवून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा केला, आणि मसुदा मसुदाच राहिला. म्हणजे या बाबतीत अजूनही रोग्याला कायद्याचे नव्हे, डॉक्टरांच्या वेडाचेच संरक्षण आहे. पेण-रोह्यात ते पाळणारी घरे आहेत. त्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत, आणि त्यांची चिठ्ठी घेऊन तपासणीला गेलेल्या माणसाला कळतही नाही की आपले काही शे रुपये कुणीतरी घेतलेले नाहीत.

तिसरे लक्षण मला थोडे जपून सांगावे लागेल, कारण त्यात दुसऱ्या बाजूचेही खरे आहे. हे दवाखाने नियम पाळतात. शुश्रूषागृह नोंदणी दर तीन वर्षांनी, अग्निसुरक्षेचा दाखला, प्रदूषण मंडळाची परवानगी, सोनोग्राफी असेल तर प्रत्येक गरोदर बाईमागे एफ फॉर्म, जैविक कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या पिशव्या-डबे आणि त्यांची रोजची नोंद. हे नियम कुणी हौसेने केलेले नाहीत. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा अर्भके आगीत आणि धुरात गेली, त्यानंतर अग्निसुरक्षेचा दाखला मागणाऱ्याला मी कधीही नावे ठेवणार नाही. गर्भलिंग तपासणीविरोधी कायदा का लागतो हे महाराष्ट्राच्या जनगणनेनेच दाखवले आहे. माझे म्हणणे एवढेच की पाचशे खाटांच्या इमारतीत या कागदांसाठी एक स्वतंत्र विभाग असतो, त्याला वातानुकूलित खोली असते. दहा खाटांच्या घरात हा विभाग म्हणजे डॉक्टरीणबाई, रात्री जेवणे आटोपल्यावर, जेवणाच्याच टेबलावर. कागद तेवढेच, हात दोन. आकारानुसार नियम वेगळे लिहिता येतात, एकाच खिडकीत सगळे परवाने देता येतात. ते कठीण नाही, कुणी मनावर घेतलेले नाही. तोवर पळवाट न शोधता रात्री अकराला पिवळ्या पिशवीचे वजन वहीत चढवणारी बाई मूर्ख आहे, आणि मी तिच्यासमोर हात जोडतो.

साथीच्या वर्षी या वेडाची परीक्षा झाली. मार्च 2020 च्या शेवटी टाळेबंदी आली तेव्हा दवाखाना बंद ठेवणे हा शहाणपणाच होता. मास्क मिळत नव्हते, डॉक्टर स्वतः साठीचे, वर घरात ऐंशीची आई. बहुतेकांनी दार उघडे ठेवले. तशात 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यावर आले. कौले आणि पत्रे उडाले, नारळी-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले आणि जिल्ह्याच्या दक्षिण भागात कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. इन्सुलिन थंड ठेवायला जनरेटर, जनरेटरला डिझेल, डिझेलला रांग. बाहेर साथ, वर छप्पर गळते, आणि झाडावरून पडलेला, पत्र्याने कापलेला माणूस दारात. त्याला कोविड आहे का हे तपासायची सोय नाही आणि टाके घातल्याशिवाय परत धाडायची सोय नाही. टाके घातले गेले.

त्या वर्षीच्या शहाणपणाचा एक नमुना शेजारच्या नवी मुंबईत मिळाला. तिथल्या एका खासगी डॉक्टरांना 31 मार्चला महापालिकेची नोटीस गेली की दवाखाना उघडा ठेवा, नाहीतर गुन्हा दाखल होईल. त्यांनी उघडा ठेवला. जूनमध्ये ते कोविडने गेले. आरोग्यसेवकांसाठी केंद्राने जाहीर केलेल्या 50 लाखांच्या विम्यासाठी पत्नीने अर्ज केला, तर उत्तर आले की ते सरकारने सेवेत बोलावलेले डॉक्टर नव्हते. 2021 साली मुंबई उच्च न्यायालयानेही याचिका फेटाळली, आणि त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. दार उघडायला हुकूम होता. उघडणाऱ्याच्या मागे कोणी नव्हते. असे असतानाही दुसऱ्या लाटेत, एप्रिल 2021 मध्ये, ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी टेम्पोत बसून हिंडणारे पेण-रोह्याचे डॉक्टर होते. त्यांना मूर्ख म्हणण्यावाचून गत्यंतर नाही, कारण दुसरा कुठलाही शब्द वापरला तर त्यांचे देणे आपल्या अंगावर येते.

आणि आपण ते देणे कसे फेडतो? आपल्यातले ऐपत असलेले लोक फुल बॉडी चेकअपसाठी नवी मुंबईला जातात, तिथे आगाऊ पैसे भरतात, पावती घेतात, पार्किंगचेही देतात. घरी आल्यावर तो जाडजूड रिपोर्ट घेऊन गावातल्या डॉक्टरांकडे येतात आणि "जरा नजर टाका" म्हणतात. नजर टाकण्याची फी विचारायची पद्धत नाही. ज्याच्याकडे खरोखर नाही त्याची उधारी मला समजते आणि ती या दवाखान्यांनाही समजते. दारात गाडी लावून "पुढच्या वेळी देतो" म्हणणाऱ्याची समजत नाही. सरकारी आरोग्य योजनांत आता पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत आणि ते चांगलेच आहे, पण त्या यादीत मोठी इमारत बसते; रात्री दीडला टाके घालणारी दहा खाटांची खोली सहसा बसत नाही. मूर्खपणा एका घराने करायचा आणि त्याचा फायदा सगळ्या तालुक्याने घ्यायचा, ही वाटणी मला मान्य नाही. वेड वाटून घेतले पाहिजे.

या घरांत हल्ली एक भांडण चालते आणि ते मला आशेचे वाटते. मुलगी एम.डी. होऊन परत येते. ती परत येते हाच वेडाचा वारसा. पण येताना ती काही नव्या गोष्टी आणते: दारात क्यूआर कोड लावते, फी आधी घ्यायची म्हणते, संध्याकाळी आठनंतर फक्त तातडीचे पाहायचे म्हणते, आणि आई-बाबांनी पंचवीस वर्षांत न घेतलेला पगार स्वतःला लावून घेते. बाबा म्हणतात, वही बंद केलीस तर कातकरवाडीतून कुणी येणार नाही. ती म्हणते, वही बंद केली नाही तर दहा वर्षांनी दवाखानाच असणार नाही. दोघांचेही खरे आहे. शेवटी ठरते ते असे: वाड्यांवरच्यांची वही चालू राहील, गाडीवाल्यांची बंद. मूर्तिकारांचे पूर्वीसारखे गणपतीनंतर, पण त्यांना अनंत चतुर्दशीच्या आठवड्यात मोबाइलवर एक आठवण जाईल, आणि ती बाबांच्या नावाने जाईल, कारण मुलीच्या नावाला लोक अजून घाबरत नाहीत. मजकूर बाबांनी तीनदा खोडून लिहिलेला असतो. त्यात थकलेली रक्कम शेवटच्या ओळीत येते. आधी विचारलेले असते की खोकला कसा आहे.